कल्पना देणे

शर्वरीची उद्या इंग्रजीची चाचणी.
वहीच्या मागच्या पानावर एकाच कुळातले पाच शब्द:
इमेज, इमेजरी, इमॅजिनरी, इमॅजिनेटिव्ह,
पाचवा शाईत बुडालेला.
"आई, तुझ्या ऑफिसच्या पाटीवर हाच शब्द आहे ना?
मग तुला येतच असणार."

आहे खरा. गीता भवनच्या चौकातून दिसतो,
निळा, रात्रभर जळणारा: इमेजिंग सेंटर.
अकरा वर्षं मी त्याच्याखालून आत जाते,
शिशाचा झगा चढवते आणि म्हणते,
सांस भरो. रोको.
छोड़ो.

इमेज म्हणजे प्रतिमा, मी कणीक मळता मळता सांगते.
प्रतिमेतला 'मा' म्हणजे मापणं.
जे आहे, जेवढं आहे, तेवढंच.
खडा असेल तर खडा, सात मिलिमीटर.
फासळी मोडली असेल तर मोडलेली.
प्रतिमा कुणाची भीड धरत नाही.

इमॅजिनरी म्हणजे काल्पनिक.
सांवेरची एक बाई येते, तिच्या पोटात
तीन वर्षं साप फिरतोय.
चार वेळा फोटो काढला, चारही वेळा स्वच्छ.
डॉक्टरांनी 'नॉर्मल' लिहिलं,
आणि तो कागद कमरेला खोचता खोचता
ती तिथंच वाकली, कळ आली म्हणून.
साप काल्पनिक.
कळ कुठल्या रकान्यात घालायची, मला ठाऊक नाही.
"हे लिहू?"
नको. 'जे नसतं ते' एवढंच लिही.

इमॅजिनेटिव्ह, कल्पक: तुझा बाबा.
स्वयंपाकघराची काच फुटली
तर माझ्याकडच्या रद्दी फिल्मा कापून लावल्यान् त्यानं.
सकाळी ऊन आलं की ओट्यावर
कुणाच्या तरी मनगटाची सावली पडते
आणि आपण तिच्यावर कोथिंबीर चिरतो.

इमेजरीला मात्र अडले.
प्रतिमासृष्टी म्हटलं तर ती हसली.
मग सांगितलं, रिपोर्टात डॉक्टर काय काय लिहितात ते:
दुधी काचेसारखं, कापसाच्या पुंजक्यासारखं,
तोफेच्या गोळ्यांसारखं.
"एवढं सगळं असतं छातीत?"
नसतं गं. 'सारखं' असतं.

"गंमत आहे," ती म्हणाली,
"त्यांच्याकडे सगळ्या सख्ख्या बहिणी,
आपल्याकडे प्रतिमा एका घरची, कल्पना दुसऱ्या.
आणि कल्पनेला इंग्रजीत एकच शब्द?"

माझे हात कणकेत तसेच राहिले.

आज दुपारी रेटरेकर डॉक्टरांनी
प्लेट उजेडासमोर धरली, जरा जास्तच वेळ,
आणि हळू आवाजात, मराठीत
(आमच्या सेंटरमध्ये मराठी म्हणजे लोटलेलं दार)
म्हणाले, "नातेवाइकांना कल्पना देऊन ठेवा."

नातेवाईक म्हणजे बनेसिंग, देपालपूरकडचा.
बाहेर बाकावर, मांडीवर रुमालाचं गाठोडं:
बायकोची चांदीची कडी, नथ, हसळी,
मशिनीत धातू चालत नाही म्हणून मीच उतरवायला लावलेली.
"बेनजी, फोटू में कंई आयो?"

हिंदीत कल्पना देता येत नाही.
तिथं ती फक्त करता येते, ज्याची त्यानं.
मी म्हटलं, बैठिए.
तो बसलेलाच होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शिशाच्या झग्याकडे,
मग रुमालाची गाठ सोडली,
एक एक दागिना मोजला
आणि पुन्हा बांधली. पहिल्यापेक्षा घट्ट.

"आई, सांग ना, एकच शब्द?"
नाही, मी म्हटलं. पण परीक्षेत नाही यायचा.

पाचवा शब्द शेवटपर्यंत वाचता आला नाही.
दिव्यासमोर पान धरून पाहिलं, सवयीनं.